माकडं हाकलणारा झेंडीवाला

रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यावर पोचलो, तेव्हा बाईसाहेबांनी आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू ऊपर मत जाना. नीचे से ही भगा."

वर गच्चीवर कुरडया-पापड वाळत होते. जवळच्या चिंचेवरून माकडं उतरायची. माझं काम एवढंच, की बंगल्याभोवती उन्हात फिरायचं आणि माकड दिसलं की शिट्टी फुंकायची. ती शिट्टी रेल्वेची होती. मी गँगमन होतो. कागदावर आमचं नाव ट्रॅकमन झालं होतं, पण हातातला घण तोच होता. व्हरांड्यात पाहुण्या बसलेल्या होत्या. मी शिट्टी वाजवली की त्या हसायच्या. एकीनं तर मुद्दाम माकड नसताना बोट दाखवलं, आणि मी मूर्खासारखी फुंकली.

ही शिट्टी मला कशासाठी दिली होती ते सांगतो. गोंदियाच्या पुढे नागझिऱ्याकडच्या जंगलात आमची गँग लाइनवर काम करायची. खडी ठोकताना माणूस वाकलेला असतो, घणांचा आवाज कानात असतो. वळणावरून गाडी आलेली त्याला कळत नाही. म्हणून एकाला शिट्टी आणि लाल झेंडी देऊन दूर उभं करतात. आमच्या गँगचा तो झेंडीवाला मी.

साहेबांच्या बंगल्यावर रोज गँगमधला एक माणूस पाठवायची चाल होती. हजेरी मात्र लाइनवर लागायची. कुणाला पाठवायचं ते मुकादम ठरवायचा, आणि त्याचा हिशेब सोपा होता. "घण मारनारा गेला त काम अडते. झेंडीवाला गेला त का अडते?" मी शिट्टी खिशात टाकली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. मे महिना होता. माझा जोडीदार सुखराम मला म्हणाला, "जा बा, तुले थोडी सावली भेटन. आमी पायतो इकडचं."

सुखराम गोंड, मी बौद्ध. आठ वर्षं एका डब्यात जेवलो. त्याच्या घरची अंबाडीची भाजी मला आवडते म्हणून त्याची बायको जास्तीची द्यायची.

दुपारी बंगल्यातला फोन वाजला. बाईसाहेब बाहेर आल्या. म्हणाल्या, "तुम्हारे गैंग का कोई कट गया. जाते-जाते बोल देना, कल दूसरा आदमी भेजें. पापड़ अभी सूखे नहीं हैं."

बाकीचे बाजूला उड्या मारून वाचले होते. सुखरामची पाठ गाडीकडे होती. मी पोचलो तेव्हा त्याच्यावर कुणीतरी धोतर टाकलं होतं. मी ते उचललं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी युनियनच्या सचिवांनी मला ऑफिसात बोलावलं. या युनियनचा मी जुना सभासद. सभेला सतरंज्या आम्ही टाकायच्या, झेंड्याचा खांब आम्ही रोवायचा, घोषणाही आमच्याच घशातल्या. खुर्च्यांवर मात्र बाबू लोक. त्या दिवशी पहिल्यांदा सचिवांनी मला खुर्ची दिली. समोर टाइप केलेला कागद ठेवला. त्यात होतं, की मी लाइनवर हजर होतो, मी शिट्टी वाजवली, सुखरामनं ती ऐकली नाही. "साइन कर दे. तुम लोगों को नौकरी कितनी मुश्किल से मिलती है," ते म्हणाले. मी उद्या सांगतो म्हणालो. नाही म्हणालो नाही. घरी दोन लेकरं होती, आणि मी भ्यालो होतो.

तिसऱ्या दिवशी मी सुखरामच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कागदातली गोष्ट त्यांच्या कानावर आधीच घातली गेली होती. त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, तुमी शिट्टी मारली होती ना? मंग त्यायले आयकू काऊन नाई आली?"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. माझं तिथे जळालं. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. माकडं, पापड, पाहुण्यांचं हसणं, सगळं. वहिनी उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. पुन्हा कधी माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी मला माफ केलेलं नाही, आणि ते बरोबर आहे.

तिथून मी सरळ युनियनच्या ऑफिसात गेलो. उभ्यानंच म्हणालो, "मी सही करणार नाही. मी लाइनवर नव्हतो. मी साहेबांची माकडं हाकलत होतो. हे लिहून घ्या." सचिव लिहीनात, तेव्हा मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं आणि चौकशीत दिलं. ते फायलीत कुठे गेलं कुणास ठाऊक. मुकादमानं सचिवांच्या कागदावर सही केली होती. चौकशीचा निकाल लागला, की मृतानं इशारा ऐकला नाही. त्या निकालात मी लाइनवर हजर होतो, तरी ड्युटी सोडून गेलो म्हणून आरोपपत्र मला मिळालं, आणि बदलीही.

बदलीच्या गावी मी दुसऱ्या गँगांच्या माणसांना भेटू लागलो. मोहाच्या झाडाखाली बसायचो. सतरंजी नाही, खुर्ची नाही, सगळे मातीवर. दवनीवाड्याकडचे पवार समाजाचे होते, गोंड होते, आम्ही बौद्ध होतो. प्रत्येकाच्या गँगमध्ये एक बंगला होता, आणि दोन गँगांत एकेक सुखराम. त्यातून आमची वेगळी संघटना उभी राहिली. घण धरणाऱ्यांची. बाबूंना आम्ही घेतलं नाही. ठराव दोनच केले. बंगल्यावर कुणी जायचं नाही. झेंडीवाला जागेवर नसेल तर घण उचलायचा नाही. त्यासाठी काहींना निलंबन भोगावं लागलं. घण मात्र उचलले गेले नाहीत.

मृतानं इशारा ऐकला नाही, हे चौकशीच्या फायलीतलं वाक्य अजून तसंच आहे. ते खोडावं म्हणून मी दर वर्षी अर्ज देतो. साहेब बदलतात, उत्तर येत नाही. नवीन बाबू विचारतो, मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही, फक्त पोच मागतो. नोकरी संपली तरी अर्ज देणार आहे, आणि दर अर्जात मजकूर एकच असेल. सुखराम बहिरा नव्हता.