समोरचा टायर

किसनराव इंगोले यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अंगणात उकिडवे बसून लोखंड कापायच्या करवतीने एक टायर कापत होते. टायर मोटारसायकलचा होता. घासलेला, पण अजून काही महिने ओढला असता असा. तोच विकत घ्यायला मी वाशीमजवळच्या मालेगावहून मेडशीला गेलो होतो.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं आणि मी अकोल्याच्या एका दैनिकाचा मालेगावचा वार्ताहर होतो. बातम्यांसाठी जुनी फटफटी घेतली होती. तिचा मागचा टायर आतले धागे दाखवू लागला होता. नवा टायर परवडत नव्हता. परवडला असता तरी दुकानदार नाव लिहून घेत आणि पुढच्या महिन्यात या म्हणत. त्यामुळे कुणी टायर बदलल्याची कुणकुण लागली की गरजवंत थेट त्याच्या घरी पोचत. मला ही खबर मेडशीच्या गणपत दूधवाल्याने दिली होती.

"गणपत म्हणाला, डॉक्टरांनी टायर बदलला," मी सांगितलं.

"बदलला. इकतो म्हनून कोनाले नाई सांगतलं." करवत थांबली नव्हती. "गणपतले ठावं हाये म्या टायर इकत नाई म्हनून. त्यानं तुमाले मजा पाहाले धाडलं."

टायरच्या दोन्ही काठांत पोलादी तार असते. तिच्यामुळे तो चाकावर घट्ट बसतो. किसनरावांनी एका काठाची तार तोडली, टायर उलटा फिरवला आणि दुसऱ्या काठाला करवत लावली. ती तुटल्यावर दोन्ही टोकं ओढून पाहिली. आता तो टायर जगातल्या कोणत्याही चाकावर चढणार नव्हता. मग हात धोतराच्या सोग्याला पुसत त्यांनी विचारलं, "किती पैसे हायेत तुमच्यापाशी?"

मी आकडा सांगितला. ते हसले नाहीत.

"एवढ्यात जुनाच येते. आयतवारी अकोल्याले चाला माह्यासंगं, पाहून देतो. पन माह्यावाला नाई."

किसनराव पशुसंवर्धन खात्यात होते. लोक त्यांना 'ढोराचे डाक्टर' म्हणत, जरी ते डॉक्टर नव्हते आणि तसं सांगूनही थकले होते. त्यांच्या घराण्यातली ती पहिली नोकरी. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा ते शाळेत होते. ज्या गोठ्यांच्या दारात वडिलांना उभं राहू दिलं जात नव्हतं, त्याच गोठ्यांतून आता मुलाला बोलावणं येई. याबद्दल ते एकच वाक्य बोलत: "ढोर जात इचारत नाई, म्हनून म्या ढोरायकडं गेलो." गाईच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटायची त्यांना सवय होती.

अकोल्याच्या जुन्या टायरच्या दुकानातही त्यांनी तेच केलं. टायरच्या पोटात हात घातला आणि डोळे मिटून आतून फिरवत राहिले. दुकानदार ओळखीचा होता. तो म्हणाला, "काय डाक्टर, गाभण हाये का?"

"गाभण नाई, म्हतारी हाये. दात कोरून देले तुमी तिचे, वरून पालिश मारली."

दुकानदार मोठ्याने हसला आणि आतून दुसरा टायर घेऊन आला. झिजलेल्या टायरवर नव्या खाचा कोरून ते विकायची पद्धत तेव्हा सर्रास होती, हे मला तिथे कळलं. माझ्या पैशांत बसेल असा टायर मिळाला. दुकानदार म्हणाला, समोरच्या चाकालाही असाच एक घेऊन टाका, जोडीत स्वस्त देतो. मी विचारात पडलो. किसनरावांनी माझ्या हातातले उरलेले पैसे माझ्याच खिशात कोंबले.

"जुना घ्या, पन मांगं लावा. मांगचा घसरला तं मानूस हालते. समोरचा घसरला तं मानूस जाते."

हे त्यांचं कायमचं वाक्य होतं. पुढे ते मी त्यांच्याकडून कितीतरी वेळा ऐकलं. लग्नात, बाजारात, एकदा तर बैलाला टोचणी करता करता.

परतताना पातूर सोडून घाटाला लागलो. एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि रस्त्यावर पसरलेली खडी पायाने कडेला लोटू लागले. बांधकाम खात्याने डागडुजीसाठी टाकलेला ढीग कडेला होता, त्यातली खडी वळणावर येत असे. मला वाटलं, सावध माणूस आहे. पण रस्ता साफ झाल्यावरही ते लोटत राहिले.

"इथं उत्तम गेला," ते म्हणाले. "माह्या साळा, बायकोचा भाऊ. किन्हीराजाले मास्तर होता."

नाव ऐकल्यावर मला आठवलं. आदल्या वर्षी त्या अपघाताची तीन ओळींची बातमी मीच पाठवली होती: मोटारसायकल घसरून तरुण शिक्षक ठार. बातमीसाठी पोलीस चौकीत गेलो होतो तेव्हा गाडीही पाहिली होती. उत्तमची सोयरीक झाली होती आणि तो अकोल्याहून लग्नाचे कपडे घेऊन येत होता, एवढं चौकीत कळलं होतं.

"टायर माह्या होता," किसनराव म्हणाले. "समोरचा."

त्यांनी सगळं सांगितलं. नवा टायर मिळाल्यावर त्यांनी जुना काढून गोठ्यात टांगून ठेवला होता. गणपत दूधवाल्याशी व्यवहार ठरला होता. तेवढ्यात उत्तम आला. त्याने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती आणि तिचा समोरचा टायर फाटला होता. गणपतचा टायर उत्तमला गेला.

माझ्याकडे एक माहिती होती आणि ती त्यांना उपयोगी पडेल असं मला वाटलं. मी म्हणालो, "इंगोलेसाहेब, टायर फुटला नव्हता. मी ती गाडी पाहिली आहे. समोरच्या चाकात हवा तशीच होती."



"हवा होती," ते म्हणाले. "पकड नोती. फुटला असता तं म्या टायरले दोष देला असता."

"खडीवर कुणीही घसरला असता. नशीब म्हणायचं."

"नशिबाचं नाव नका घेऊ. नशिबानं नाई देला टायर. म्या देला." पुन्हा पायाने खडी लोटत म्हणाले, "अन् गणपतले इकला असता तं गणपत गेला असता. त्याची बी बहीन असन कोठी."

करवतीचं कारण हे होतं. उत्तम गेल्यापासून त्यांच्या गाडीवरून उतरलेला एकही टायर दुसऱ्याच्या गाडीवर चढला नाही. कापलेले तुकडे ते मालेगावच्या एका चांभाराला फुकट देत. त्याच्या चपलांना तळ मिळत. "पायाले चालते," ते म्हणत, "चाकाले नाई."

मेडशीत याची चेष्टा होई. जिथे फुटक्या घागरीचंही कुंडं होतं तिथे माणूस चालता टायर कापतो, हे लोकांच्या गळी उतरत नव्हतं. चेष्टेत गणपत पुढे असे. "डाक्टर, बैलाले इंजेक्शन देता अन् टायरले फाशी!" किसनराव म्हणत, "बैलाले दुखलं तं बोंबलते. टायर बोंबलत नाई लेका." गणपतला खरं कारण माहीत होतं. एकदा चहा पिता पिता तो मला म्हणाला, "थो टायर माह्या हक्काचा होता. मले भेटला नाई म्हनून म्या चार दिवस डाक्टरसंगं बोललो नाई." मग चहा अर्धाच ठेवून उठला.

किसनरावांबद्दलची एक गोष्ट मात्र लोकांना मनापासून खटकली होती. उत्तम गेल्याच्या तिसऱ्या दिवशी किन्हीराजाला माणसं जमली होती. तेव्हा कुणी विचारलेलं नसताना किसनराव उभे राहिले आणि सासूला म्हणाले, "टायर माह्या होता, मामी. खराब होता. म्या देला." त्यांची बायको शांताबाई, म्हणजे उत्तमची सख्खी बहीण, काही बोलायला उठली. "तू चूप राह्य," ते ओरडले. तिचा एकुलता एक भाऊ गेला होता आणि नवऱ्याने तिला चारचौघांत गप्प बसवलं. हे मला मेडशीत तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, आणि तिघांनीही शेवटी मान हलवली. चांगला माणूस, पण बायकोशी कठोर, असं माझंही मत झालं.

त्यानंतर ते सासरच्या घरात गेले नाहीत. दिवाळीला शांताबाईंना गाडीवरून किन्हीराजाच्या फाट्यापर्यंत सोडत आणि स्वतः तिथेच बाभळीखाली थांबत. म्हाताऱ्या सासूने मनात राग असूनही एकदा निरोप धाडला: "जवायाले म्हना, भाकर थंडी होऊन राह्यली." ते गेले नाहीत. शांताबाईंनी भाकर फडक्यात बांधून फाट्यावर आणली, ती त्यांनी उभ्यानेच खाल्ली. सासू वारली तेव्हा तिरडीला खांदा दिला आणि अंगणातूनच परतले.

समोरचा टायर ते अर्धा झिजला की काढत. दरवेळी नवा घेत. मागचा मात्र जुन्यातला. नव्या टायरसाठी बाकी सगळं लांबणीवर पडत असे. घरावरचे टिन बदलायचे राहिले. त्यांच्या स्वतःच्या पायात त्याच चांभाराने केलेल्या टायरच्या चपला असत. मी एकदा म्हणालो, अर्धा टायर फुकट घालवता. ते म्हणाले, "फुकट गेला थो टायर कोनता, थे मले ठावं हाये."

दशक संपता संपता त्यांना कावीळ झाली. गावठी औषधात दिवस गेले, आणि अकोल्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. मला बातमी आठवड्याने कळली. मी मेडशीला गेलो तेव्हा अंगणात त्यांची फटफटी उभी होती आणि गणपत तिच्याभोवती फिरत होता. गाडी त्याला घ्यायची होती. किमतीवरून वाद नव्हता. शांताबाई दारात उभ्या होत्या.

"गाडी ने," त्या म्हणाल्या. "मांगचा टायर नाई भेटत."

"वयनी, मांगच्या टायराबिगर गाडी का डोक्यावर नेऊ?"

"बैलगाडीत टाकून ने."

"अवो, समोरचा नवा हाये. मांगचाच तं गुळगुळीत झाला. डाक्टरच म्हनत, मांगं जुना चालते म्हनून."

"त्यायचं थे गनित होतं. माह्यं नाई."

गणपत माझ्याकडे बघून खांदे उडवत होता, पण त्याने चाक खोललं आणि टायर काढून अंगणात ठेवला. मग बैलगाडी बघायला गेला. शांताबाईंनी आतून करवत आणली आणि माझ्यासमोर बसल्या.

"भाऊ, तुमाले त्यायनं घाटातलं सांगतलं होतं नं?"

"हो."

"अर्धं सांगतलं." त्यांनी टायर पायाखाली दाबून पाहिला. "थो टायर गणपतले द्याचा ठरला होता. म्या म्हटलं, घरचं पोरगं टायर ढुंढत हिंडते अन् तुमी परक्याले इकता? हे म्हने, समोर लावाले बरा नाई थो. मांगं लावतो म्हनन तं देतो. उत्तमचा समोरचाच फाटला होता. म्या म्हटलं, द्या हो, लगनापावतर तं टिकन थो. मंग देला त्यायनं."

बोलण्यासारखी माहिती या वेळी माझ्याकडे नव्हती.

"तिसऱ्या दिवशी म्या सांगाले उठली तं मले चूप बसवलं. घरी आल्यावर बी बोलू देलं नाई. म्हनत, तुह्या मायले आता येक पोरगीच उरली. थे बी तिच्यापासून कायले तोडतं? माय मरेपावतर त्यायच्यावर रुसून राह्यली, भाऊ. माह्या हातची भाकर खात राह्यली अन् जवायावर रुसून राह्यली." त्यांनी पदराने करवतीचं पातं पुसलं. "आता माय नाई, हे बी नाई. कोनाले सांगू?"

त्यांनी करवत काठाला लावली. हात सराईत नव्हता, पातं सारखं घसरत होतं. मी पुढे होऊन करवत मागितली. त्यांनी मान हलवली.

"तुमी धरा निस्ता."

मी दोन्ही हातांनी टायर धरला. रबर कापलं गेलं आणि पातं तारेवर खरखरू लागलं. त्या थांबत, दम घेत, पुन्हा सुरू करत. शेवटी तार तुटली आणि माझ्या हातातला टायर एकदम सैल पडला. मला वाटलं, झालं.

"उलटा करा," शांताबाई म्हणाल्या. "दुसऱ्या काठाची राह्यली."