भुताच्या पहाऱ्यातला ढोल
सिंडा खोलीच्या दारात भराभर वर्तमानपत्रं पसरत होती. आमच्या कॅरोलिनाच्या बेटावर शेंबडं पोरही जाणतं, भूत सगळी अक्षरं वाचल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नाही. गोरा मालक चर्चला गेलेला, पण त्याच्या बंगल्यात भूत होतं आणि मालकानं लुबाडलेला आमचा ढोलही. उद्या हेगरआजीला पुरायचं होतं. ढोल वाजल्याशिवाय तिचा जीव आफ्रिकेतल्या पूर्वजांकडं पोचणार नव्हता.

"आवर की, भवाने!" खिडकीखालून भाऊ क्वॉश म्हणाला.

"मग तू ये ना आत, वाघोबा!"

तेवढ्यात धुरासारखी एक बाई दारात आली, कागदांकडं बघून थबकली. सिंडानं ढोल उचलला आणि खिडकीतून उडी टाकली. गावभर फुशारकी मारली, "कसं गंडवलं भुताला!"

आजीला पुरल्यावर म्हाताऱ्यांनी सांगितलं, ती धुरासारखी बाई म्हणजे बिना, त्या घरातली जुन्या काळची गुलाम. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं; थांबली ती आपणहून.