आबांची जीभ आणि पाथरीकडची शिंदी

माझे थोरले चुलते, म्हणजे आमचे आबा, शिंदीला आणे देत. पैशांचे आणे नव्हेत, चवीचे. सोळा आण्यांपैकी किती, ते एका घोटात सांगत, आणि एकदा सांगितलं की देव खाली उतरला तरी त्यात पैचा फरक पडत नसे. घराण्यात एवढा पारखी माणूस आहे याचा मला फार अभिमान होता. त्या अभिमानापायी मी जवळजवळ बिनलग्नाची राहिले असते, तेच आता सांगते.

आम्ही मेंढरंवाले. पोखर्णीपासून कोसभरावर आमचं गाव, आणि राज्य निजामाचं. पाऊस सरला की आबा मेंढरं घेऊन निघत ते उन्हाळा संपेपर्यंत फिरत. कधी गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठानं, कधी पूर्णेच्या, कधी वर जिंतूरच्या माळावर. त्यामुळे जिल्ह्यातलं शिंदीचं एकेक बन त्यांना ठाऊक. सांजेला झाडाला खाच पाडून मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं. उतरवतात तेव्हा शिंदी पांढरी आणि गोड असते. ऊन चढलं की ती आंबते, आणि मग ती चढते. गरिबाला परवडावं असं प्यायचं तेवढं एकच होतं. म्हणून ते कसंही प्यावं, असं मात्र आबांना कधी वाटलं नाही.

त्यांची चाखायची रीत मी लहानपणापासून पाहिली. आदल्या दिवशी कांदा-लसूण बंद. तंबाखू तर जन्मात नाही. मेंढका असून तंबाखू खात नाही म्हणून लोक त्यांना हसत. सकाळी जोंधळ्याच्या चार लाह्या चावायच्या, चूळ भरायची, मग मडकं कानाशी धरून हलवायचं. फेस कसा फुटतो ते ऐकायचं म्हणे. पहिला घोट तोंडात घोळवून मातीला द्यायचा, दुसरा डोळे मिटून गिळायचा, आणि उरलेली वाटी सावकाश संपवायची. एकच वाटी. दुसरी त्यांनी घेतल्याचं मी कधी पाहिलं नाही, आणि त्यांचा तोल गेलेला कुणीही पाहिला नाही.

"गंगाथडीची बारा आणे," ते सांगत. "काळ्या रानाची हाय. गोड लय, पर तोंडात ठाण मांडून बसती, उठतच न्हाई." जिंतूरकडची चौदा आणे: मुरमाड जमीन, झाडं खुरटी, पण शिंदी पातळ आणि निर्मळ, प्यायल्यावर माणूस उगीच शहाण्यासारखा बोलायला लागतो. पूर्णाकाठची अकरा. आमच्या गावच्या ओढ्याची दहा, कारण ओढ्याचं रान खारवट. शिंदी गिळून झाली की जिभेच्या मुळाशी जरा खारं लागे. गावातल्या माणसांना याचा राग येई. आपल्या गावच्या शिंदीला दहा आणे म्हणजे काय! पण आबांनी कधी अकरा केले नाहीत.

परभणीच्या बाजारात शिंदी विकायचा सरकारी मक्ता घेतलेल्या गुत्तेदाराचं दुकान होतं. एकदा त्याचा माणूस आबांना आग्रह करकरून घेऊन गेला. चार लोकांत आबांनी चांगलं म्हटलं तर गिऱ्हाईक वाढेल, हा हिशेब. आबांनी पहिला घोट मातीला दिला आणि दुसरा घेतलाच नाही. "हिला आणे न्हाईत," म्हणाले, "ही शिंदी न्हाई, हे गुळाचं पानी हाय." आणि काठी घेऊन चालते झाले. ही हकीकत आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली जायची की मेंढरांनाही पाठ झाली असेल.

सोळा आणे त्यांनी कशालाच दिले नव्हते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सोळा देऊन बसलं तर म्होरं चाखायचं काय?"

आता आमच्यातली एक चाल सांगायला हवी. सोयरीक ठरताना मुलाकडच्यांनी आपल्या गावच्या झाडाची शिंदी घेऊन यायचं. मुलीकडच्या वडीलधाऱ्यानं ती देवाचं नाव घेऊन सगळ्यांच्या आधी चाखायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "गोड हाय." मग वाट्या फिरतात, मुलीच्या हातात साखर पडते, सोयरीक पक्की. ज्या मातीत लेक द्यायची त्या मातीचं पाणी आधी आपण चाखायचं, हा त्यातला अर्थ. पण चाल ती चालच. कुणी खरंच चव बघत नाही. आंबलेली असो, पाणी घातलेली असो, म्हातारा तोंड पुसून "गोड हाय" म्हणतो आणि बायका गाणी सुरू करतात. सगळ्या घरांत असंच होतं. आमच्या घरात म्हातारे होते आबा.

माझी पहिली सोयरीक गंगाकाठची. आबांनी घोट घेतला आणि म्हणाले, "पानी घातलंय. नऊ आणे." पाहुणे उठून गेले. दुसरी सोयरीक मानवतच्या बाजूची. शिंदी चांगली होती, पण आबा म्हणाले, "मडकं धुतलं न्हाई तुमी." मुलाचा मामा तापट होता. त्याचं आणि आबांचं असं जुंपलं की जेवणाची ताटं तशीच राहिली. माझ्या बरोबरीच्या मुलींना दोन-दोन लेकरं झाली होती, आणि विहिरीवर बायका मला विचारत, "काय गं, चुलत्याच्या जिभेसंगच लगीन लावतीस का?" मी वरवर हसायची. घरी येऊन घागर अशी आपटायची की माय म्हणायची, "फोड, फोड, तेवढीच ऱ्हायली हाय."

राग यायचा, पण आबांवर नीट रागावताही येत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, हीच तर अडचण.

तिसरी सोयरीक पाथरीच्या पलीकडून आली. मुलगा मी पोखर्णीच्या जत्रेत पाहिलेला होता. पायात काटा रुतलेलं एक कोकरू मांडीवर घेऊन तो काटा दातांनी काढत होता. दुसरं कुणी असतं तर सुईनं काढला असता. मला तेव्हाच वाटलं की हा माणूस आपल्याला हवा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मायला कळलं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आबा मेंढरं सोडून घरी आले, तशी ती त्यांच्यापुढे पदर पसरून उभी राहिली.

"भाऊजी, दोन शब्द हायेत. म्हणून टाका. पोरगी घरात बसली तर तिचं काय व्हईल?"

आबांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "देवाचं नाव घिऊन चाखायची आन् खोटं बोलायचं? मला जमत न्हाई. शिंदी चांगली आसंल तर म्हणीन की."

मी दाराआड होते. त्या रात्री मी पोखर्णीच्या नरसिंहाला साकडं घातलं की बाबा रे, पाथरीकडचं रान चांगलं असू दे.

फाल्गुन सरत आला होता. पाहुणे बैलगाडीनं पहाटे निघाले आणि आमच्याकडे पोचेतो दुपार झाली. पाहुण्यांसाठी घोंगडी अंथरली, पाणी दिलं, आणि मध्यभागी मडकं आणून ठेवलं, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. माझ्या हातात पितळी वाट्यांची परात. आबांनी "गोड हाय" म्हटलं की मी ती परात पुढे न्यायची, अशी पद्धत.

आबांनी मडकं कानाशी धरलं. हलवलं. पहिला घोट मातीला दिला. दुसरा घेतला आणि डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहिले. परातीतल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या. मी परात पोटाशी घट्ट धरली तरी थांबेनात.

"ही पाथरीकडची न्हाई," आबा म्हणाले. "ही आमच्या वढ्याची हाय. मागं खारी लागायली. आन् मडक्याला चुना जाड फासलाय, तो हात आमच्याच मानसाचा. दहा आणे."

मुलाच्या बापानं मान खाली घातली. मायच्या तोंडातून "अगं बाई" एवढंच निघालं. मला वाटलं, झालं, तिसरीही गेली. खोटं बोलून सोयरीक करायला आलेल्यांच्या घरी आबा मला कशाला देतील? आणि द्यावं असं मलाही कसं म्हणता येईल?

तेवढ्यात मुलगा बोलला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आमची गाडीत हाय," तो म्हणाला. "गवताखाली ठिवलीया. आंबली. तुमाला चुन्याची चव कळती आसं ऐकलं व्हतं, म्हणून आमी मडक्याला चुना लावलाच न्हाई. वाटंत ऊन लागलं. तुमच्यापुढं आंबट कशी ठिवावी, म्हणून हितल्या वढ्यावरून ही भरून घेतली. चूक झाली."

मला हसू यावं की रडू ते कळेना. शिंदी टिकावी म्हणून सगळा मुलूख मडक्याला आतून चुना लावतो. या भल्या माणसांनी आबांच्या जिभेच्या धाकानं तो लावला नाही, आणि त्यामुळेच त्यांची शिंदी नासली. आणि मग सगळ्या जिल्ह्यात जी शिंदी आबा झोपेतही ओळखतील, नेमकी तीच भरून आणली.

"जा, आन तुमची," आबा म्हणाले.

मुलगा गाडीकडे गेला आणि दुसरं मडकं घेऊन आला. फडकं सोडलं तसा आंबूस वास परसापर्यंत गेला. आबांनी नव्यानं चूळ भरली, लाह्या चावल्या. त्यांना काही घाई नव्हती. वाट्या माझ्या हातात वाजतच होत्या. त्यांनी पहिला घोट मातीला दिला. दुसरा गिळला. मग उरलेली वाटी सावकाश, अगदी तळापर्यंत संपवली आणि तोंड पुसलं.

"गोड हाय," आबा मोठ्यानं म्हणाले.

मग मायनंच गाणं धरलं, घाईघाईनं, मधल्या ओळीपासून. वाट्या फिरल्या. ज्यानं त्यानं घोट घेतला आणि चिंच चावल्यासारखे डोळे बारीक केले. पण एकानंही तोंडातून शब्द काढला नाही. आबा "गोड" म्हणाले होते. परभणीच्या गुत्तेदारासाठी जे बोलले नाहीत ते बोलले होते. माझ्या हातात साखर पडली.

लग्न झालं. सासरी गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात नवऱ्यानं पहाटे झाडावरून नुकती उतरवलेली शिंदी मला वाटीभर आणून दिली. मी आबांसारख्या लाह्या चावल्या, चूळ भरली, डोळे मिटले. नवरा हसत होता. खरं सांगते, पंधरा आणे होती. हलकी, थंड, आणि मागे काहीही न ठेवणारी. इतकी चांगली शिंदी पिणाऱ्या माणसांनी आमच्या खाऱ्या ओढ्याची मडक्यात भरून आणली होती, या विचारानं मला त्यांची दया आली.

ती आबांना पाजायची हे माझ्या डोक्यात बसलं. पण कधी मेंढरं, कधी बाळंतपणं, असं करता करता वर्षं गेली. निजामाचं राज्य जायच्या आदल्या हिवाळ्यात निरोप आला की आबा अंथरुणाला लागलेत. आम्ही मडक्याला चांगला चुना फासला, ओली पोती गुंडाळली, पहाटेच्या अंधारात गाडी जुंपली. तरी व्हायचं तेच झालं. वाटेत एका बैलाचा पाय दुखावला, गाडी रखडली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

आबा घोंगडीवर होते, अंगानं निम्मे झालेले. मी म्हटलं, "पाथरीकडची आणली, आबा." त्यांनी उठून बसवायला सांगितलं. लाह्या चावता येईनात, तर नुसती चूळ भरली. घोट मातीला दिला. दुसरा घेतला, डोळे मिटले. शिंदी आंबलीय हे मला माहीत होतं. म्हाताऱ्याची जीभ अजून शाबूत आहे की नाही, ते माहीत नव्हतं.

"आंबली," ते म्हणाले. "चुना जास्तीचा झालाय. तीन आणे."

मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याकडे बघून हसलेच. मग धीर करून विचारलं, "आन् त्या दिवशीची किती आण्यांची व्हती, आबा? माज्या सोयरिकीची?"

"तिला आणे न्हाईत," आबा म्हणाले. "तसली वंगाळ शिंदी म्या जल्मात प्यालो न्हाई."

"मग गोड काहून म्हणलाव?"

त्यांनी वाटी बोटांत फिरवली.

"तुज्या परातीतल्या वाट्या वाजायल्या व्हत्या," ते म्हणाले. आणि हातातली वाटी तळापर्यंत संपवून माझ्यापुढे केली. "वत, आनिक एक."