पाहुण्यांपुरती लाइट

लाइट गेली की अख्खं गाव फ्यूजकाकांचा उद्धार करायचं. काका ते मनावर घेत नसत. वीज उपकेंद्रातल्या पॅनेलपुढे त्यांची नोकरी. वीज मुळातच अपुरी, तेव्हा एका भागाला द्यायची तर दुसऱ्याची काढायची, हाच रोजचा खेळ.

त्या सकाळी मात्र स्वारी खुशीत होती. गावाबाहेरच्या रिकाम्या प्लॉटवर पंपांचा कारखाना काढायचा की नाही, हे ठरवायला परदेशी कंपनीचे पाहुणे येणार होते. आणि लेक गावातल्या प्रशिक्षण केंद्रात लेथ मशीन चालवायला शिकत होती.

“कारखाना आला तर मी कुठं जात नाही,” काकांचा डबा भरता भरता ती म्हणाली. “नाही आला तर मावशी बोलावतेच आहे. परक्या देशात म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायला.”

“येतोय गं. रस्ता केला, पाणी आणलं. आता फक्त त्यांनी मान हलवायची राहिलीय.”

“नाही म्हणतानाही मानच हलवतात हो,” बायको आतून म्हणाली.

उपकेंद्रात पाय ठेवतात तोच साहेबांचा फोन.

“प्लॉटवरची लाइट क्षणभरसुद्धा जाता कामा नये. गावाची लाइन बंद ठेव.”

“दवाखाना, साहेब?”

“जनरेटर आहे त्यांच्याकडे. आणि मी सांगेपर्यंत चालू करायची नाही.”

कुणी बडे पाहुणे आले की हे असंच व्हायचं. काकांनी गाव बंद केलं. पॅनेलवरचा प्लॉटचा काटा ठाम उभा होता. त्याच्याकडे बघता बघता त्यांना कारखान्याच्या दारातून आत शिरणारी लेक दिसायला लागली.

दुपारी तिचाच फोन आला. आवाज दबका.

“बाबा, लाइट द्या. पाहुणे इथं आलेत.”

“केंद्रात? ते ठरलं नव्हतं.”

“त्यांच्या मोठ्या बाईंनी गाडी वळवायला लावली. म्हणे, कामाला मिळणारी माणसं बघू. मी बंद लेथपुढे उभी आहे, हातात लोखंडाचा तुकडा धरून.”

काकांनी साहेबांना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पाहुण्यांसमोर साहेब फोन कसा उचलणार? हुकमाशिवाय खटका वर केलेला एक सहकारी कधीचा घरी बसला होता. काकांनी परत फोन लावला. परत लावला. शेवटी डोळे मिटून खटका वर केला.

लगेच लेकीचा फोन. “आली,” ती म्हणाली. “पण ते निघाले, बाबा.”

संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं, “बाईंनी विचारलं, लाइट रोज अशी जाते का.”

“मग?”

“म्हटलं, रोज एवढी नाही जात. आज तुम्ही आलात म्हणून बंद ठेवलीय.”

काकांनी घास परत ताटात ठेवला.

“खोटं बोलायला हवं होतं का?”

“नाही गं.”

“त्या रागावल्या नाहीत. साहेबांकडे नुसतं बघितलं आणि गाडीत बसल्या.”

कंपनी दुसऱ्या देशात गेली. लेक तिसऱ्या.

पुढचे पाहुणे यायचे होते तेव्हा साहेबांचा फोन आला. “गाव बंद. या खेपेला केंद्र तेवढं चालू राहील, वेगळी लाइन ओढून घेतलीय.”

“तिथं आता शिकायला कुणी येत नाही, साहेब.”

“दिवे तर दिसतील ना.”

काकांनी गाव बंद केलं. लगेच बायकोचा फोन.

“अहो, पोरीशी बोलत होते, मध्येच इंटरनेट गेलं. रडत होती ती. लाइट कधी येणार?”

“साहेब सांगतील तेव्हा,” काका म्हणाले.