फ्यूजकाकांचं चोरबटण

मोटारींचं वायरिंग करण्यात जन्म गेलेल्या त्या माणसाला सगळी गल्ली फ्यूजकाका म्हणे. लोकांच्या गाड्यांची कामं ते शहाण्यासारखी करत. स्वतःच्या जुन्या गाडीत मात्र त्यांनी मनसोक्त धुडगूस घातला होता. कंपनीनं एखादं मॉड्यूल, म्हणजे वायरिंगची डबी, अडचणीच्या जागी बसवलंय असं वाटलं, की काका ते उपटून आपल्या मर्जीच्या जागी नेत.

ती गाडी आता काकूंनी विकायला काढली होती. गाडीच्या शेडमध्ये त्यांना शिवणयंत्रं मांडायची होती. गिऱ्हाईकही त्यांनीच शोधलं, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर. काकांचा जीव गाडीत अडकलेला, पण काकूंपुढे बोलायची सोय नव्हती. त्यांनी मुकाट्यानं मान डोलावली, आणि डॉक्टर यायच्या आधी सीटखालचं चोरबटण हळूच बंद केलं. त्या बटणाशिवाय पेट्रोलचा पंप चालत नसे. बंद पडलेली गाडी कोण घेणार?

डॉक्टरांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं खोकलं. काका चेहरा पाडून, टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरले, उगीच दोन-चार वायरी हलवल्या आणि दोष काही सापडत नाही म्हणून सुस्कारा सोडला. काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

सगळं छान जमत आलं होतं. तेवढ्यात डॉक्टर सहज बोलून गेले, "राहू द्या काका, आता वय झालं तुमचं. शोरूमच्या माणसाला बोलावतो, लॅपटॉप लावून लगेच शोधेल तो."

हे काकांना असं झोंबलं, की हात सीटखाली कधी गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"फिरवा किल्ली," ते गुरगुरले.

गाडी झटक्यात सुरू झाली. डॉक्टर खूश, काकू त्याहून खूश. काकांचं तोंड मात्र एवढंसं झालं. गाडी जाणारच, तर निदान तिचे हाल तरी होऊ नयेत, म्हणून ते जड मनानं डॉक्टरांना एकेक जागा दाखवू लागले. वायपरचं मॉड्यूल समोरच्या कप्प्यामागे. कप्पा जोरात लावला की वायपर आपोआप सुरू होतात. हॉर्न चालू करणारा रिले डिकीत. इंडिकेटरचं बटण दाबलं तर आतला दिवा लागतो, इंडिकेटरचं खरं बटण सीटच्या बाजूला. मागची काच खाली करायची तर रेडिओच्या शेजारचं बटण, पण आधी रेडिओ बंद करायचा. सांगता सांगता काका रंगात आले. त्यांचा चेहरा खुलत गेला आणि डॉक्टरांचा उतरत गेला.

"म्हणजे ही गाडी घ्यायची तर तुम्हालाही बरोबर घ्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"न्या की दोघांनाही," काकू म्हणाल्या. "चहा तेवढा बिनसाखरेचा द्या यांना."

डॉक्टरांना एकाएकी दवाखान्यातला पेशंट आठवला. ते लगबगीनं गेले ते पुन्हा फिरकले नाहीत.

काका दाखवताना काढलेली पॅनेलं परत बसवायच्या निमित्तानं डॅशबोर्डखाली तोंड लपवून बसले. वरून काकूंचा आवाज आला, "हसून झालं असेल तर गाडी रस्त्यावर काढा. माझी यंत्रं आजच येतायत."