सुनेची गाडी: हायब्रीड का साधी

माझी सून अमडापूरच्या शाळेत शिकवते. आमचं घर उंद्रीजवळ, शेताला लागूनच. कितीतरी वर्षं ती स्कुटीवर जायची-यायची. मग एका पावसाळ्यात रस्त्याकडेच्या चिखलात घसरली आणि डावा पाय घोट्यात मोडला. हाड जुळलं, पण स्कुटीचं नाव काढलं की ती नकोच म्हणायची. एसटीचं म्हणाल तर एक फार लवकर आणि दुसरी शाळेची घंटा होऊन गेल्यावर. दोन महिने माझा पोरगा तिला मोटरसायकलवर सोडून आला. पण हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली, त्याला शेत सोडता येईना.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आई, नोकरी सोडून देऊ का?"

मी म्हटलं, "भाकर जळून राह्यली, ते पाहा आधी."

मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. पुढचं वाचन शिकले ते बियाण्याच्या आणि औषधाच्या पाकिटांवरून, एकेक अक्षर लावत. आणि ही बाई पोरांना गणित शिकवते. पाय मोडला म्हणून तिनं घरी बसायचं? मी त्याच रात्री जेवताना सांगून टाकलं, गाडी घ्यायची. तिनं पगारातून साठवलेले पैसे होते, उरलेल्याचे हप्ते तीच भरणार होती. गाडी चालवायला ती पाय मोडायच्या आधीच खामगावला शिकली होती, लायसनसुद्धा होतं.

आता गाडी घ्यायची ठरली म्हणजे घरात शांतता राहील का? पोरानं फोनवर व्हिडिओ पाहून पाहून एक मोठी गाडी काढली, हायब्रीड. पेट्रोलवरही चालते आणि आतल्या बॅटरीवरही.

"माय, लिटरमागं किती जाते पाह्य! अर्धं पेट्रोल वाचते."

"आन साधीपेक्षा किती जास्त पडते?"

त्यानं आकडा सांगितला. त्यात दोन चांगल्या बैलजोड्या आल्या असत्या.

"जास्त पडते, पण वसूल होते ना," तो म्हणाला.

हे वाक्य मला नवं नव्हतं. त्या दिवसांत कपाशीत बोंडअळी पुन्हा शिरली होती. बियाण्याचं महागाचं पाकीट लावूनही फवारे मारावेच लागत होते. आमच्या भागात 'जास्त द्या, वसूल होते' असं कुणी म्हटलं की माणसं नुसती हसायची, आणि ते हसू काही चांगलं नसायचं.

पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा आमचे मालक, म्हणजे पोराचे वडील, हयात होते. बीटी कापूस नवा नवा आला होता. कृषी केंद्रवाल्यानं त्यांना सांगितलं, फवारा वाचते, पीक वाढते, वसूल होते. मालकांनी सगळ्या शेतासाठी तीच पाकिटं आणली. आमचं शेत दोन तऱ्हेचं. खाली नाल्याकडं काळी जमीन, विहिरीचं पाणी. वरती मुरमाड, आलं तर पावसाचं पाणी. मी म्हटलं, "वरते जुनंच बी लावा." ते म्हणाले, "बियाण्याले का समजते वरतं आन खालतं?" मी वाद घातला नाही. पण सरकी टोबायला, एकेक बी मातीत खोचायला, तर मीच असायचे ना! वरच्या शेतात चार ओळी जुन्या बियाण्याच्या टोबल्या, कुणाला न सांगता. वेचणीला त्या वेगळ्या वेचल्या, शेजारच्या चार ओळीही वेगळ्या वेचल्या, आणि दोन्ही गाठोडी त्यांच्यासमोर तराजूत टाकली. वजनात फरक म्हणावा असा नव्हताच. खालच्या शेतात मात्र नवं बियाणं बोंडांनी लगडलं होतं, ते मी लपवलं नाही. पुढच्या सालापासून मालक पाकिटं आणायच्या आधी विचारायचे, "वरते काय लावता, बाई?"

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. महागाची म्हणून वस्तू वाईट नसते, स्वस्ताची म्हणून चांगली नसते. ती कुठं लावणार, हे आधी पाहायचं.

म्हणून मी उंद्रीतल्या चाचांकडं गेले. त्यांचं गॅरेज आहे, आमचा ट्रॅक्टर तेच दुरुस्त करतात. मी विचारलं, ही हायब्रीड पेट्रोल वाचवते ते कुठं वाचवते?

चाचा हात पुसत म्हणाले, "भाभी, ब्रेक मारला का तिची बॅटरी भरते. गर्दीत हळूहळू चालली का बॅटरीवर चालते. म्हणून शहरात लई वाचते. दर चौकात थांबा, निघा, थांबा, निघा."

"आन अमडापूरच्या रस्त्यानं?"

"तिथं कोण थांबवते तुमाले? म्हशी?"

"म्हशी थांबवतात ना."

"मग म्हशीइतकंच पेट्रोल वाचन," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही खूप हसलो. मग नीट सांगितलं की मोकळ्या रस्त्यावरही थोडं वाचतं, पण जास्तीचे पैसे निघायला गाडी खूप पळवावी लागेल. आमच्या सुनेची शाळा अशी किती लांब!

तरी मी ऐकीव गोष्टीवर थांबणारी नाही. आम्ही तिघं शोरूमला गेलो. तिथला साहेब म्हणाला, "आजी, चक्कर पाच किलोमीटरची मिळते."

मी म्हटलं, "बाबू, पाच किलोमीटरची चक्कर मारून तुमची गाडी तुमच्याच दारात येईन. आमाले ते आमच्या रस्त्यावर पाहायची हाय. दोन्ही आणा. घेतली तर तुमच्याकूनच घेऊ."

माणूस भला होता. एका रविवारी दोन्ही गाड्या घेऊन आला. आधी हायब्रीड, मग साधी, घरापासून शाळेपर्यंत आणि परत. वजन सारखं राहावं म्हणून तीच माणसं आणि पाठीमागं तुरीचं तेच पोतं. दोन्ही वेळा पोरानं चालवली. मीटरवरचा आकडा मी स्वतः चष्मा लावून वाचला. हायब्रीड पुढं होती, नाही म्हणत नाही. पण व्हिडिओत सांगितलं तेवढी नव्हती.

"झालं," मी म्हटलं, "साधी घ्या."

पोराचं तोंड उतरलं. मला तर निवडून आल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात मागच्या सीटवरून सून हळूच म्हणाली, "मी एकदा चालवून पाहू का?"

जिला रोज चालवायची, तिला कुणी चालवायला सांगितलंच नव्हतं. पोरानं नाही आणि मीही नाही. रस्ता पाहिला, मीटर पाहिलं, पोतं पाहिलं. बाईला विचारायचं राहिलं. मला न विचारता ठरवायचे म्हणून मालकांवर रुसायचे, तेच मी करून बसले होते. मला लाज वाटली.

ती साधीच्या स्टिअरिंगवर बसली. गाडी बरी चालवत होती, पण दर गिअरला तिचा ओठ दाताखाली जायचा. नाल्याच्या वळणावर तिनं गाडी बाजूला लावली. "आई, क्लच दाबला का घोट्यात कळ येते. अमडापूरपर्यंत नाही जमणार."

मग हायब्रीडवर बसली. त्या गाडीला क्लचच नाही. पाचच मिनिटांत तिचा चेहरा सैल झाला.

"पाहा," पोरगा म्हणाला, "मी काय म्हनत होतो? हेच घेऊ."

पायापेक्षा दोन बैलजोड्या मोठ्या नाहीत, मी मनातल्या मनात पैसे सोडूनही दिले होते. पण सून गणिताची. तिनं साहेबाला विचारलं, "सर, ती साधी गाडी क्लचशिवाय येते का?"

"येते ना मॅडम. थोडी महाग पडते, पण हायब्रीडपेक्षा पुष्कळ स्वस्त. तुम्ही विचारलं नाही, म्हणून आणली नाही."

"काऊन बे," पोरगा म्हणाला, "आधी सांगता येत नव्हतं?"

"त्याले नको बोलू," मी म्हटलं, "आपनच चुकलो."

तीच घेतली. तिनं आधी शोरूमजवळच्या गर्दीत चालवून पाहिली आणि मगच सही केली.

पहिल्या दिवशी मी सोबत निघाले. तिला धीर द्यायला, असं मी म्हणत होते. खरं म्हणजे मला पुढच्या सीटवर बसायचं होतं. उंद्रीच्या फाट्यावर एक ओळखीची बाई ओरडली, "काय वं, सून ड्रायव्हर ठेवली का?"

"हाव! तुले येचं असन तं मांगं बस!"

शाळेच्या फाटकातून गाडी आत गेली तेव्हा घंटा व्हायची होती. पोरं गाडीभोवती गोळा झाली. सून उतरली, पर्स खांद्याला लावली आणि वर्गाकडं निघाली. लंगडणं जरासं होतं, पण मागं वळून पाहिलं नाही.

ती वर्गात शिरल्यावर माझ्या ध्यानात आलं, शाळा सुटेपर्यंत आता मी जाणार कुठं? हेडमास्तरांनी खुर्ची दिली, चहा दिला. मी सुनेच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात बसले आणि दिवसभर अपूर्णांक ऐकले.