फुकट सॉफ्टवेअर आणि डायरीतलं मीठ

चार महिने एखाद्या मंडळीत ऊठबस झाली की किस्से आपोआप साचतात, आणि घरी सांगायला गेलं की नवरा म्हणतो, "एवढं सगळं खरंच झालं?" झालं हो! मी जळगावात कम्प्युटर क्लास चालवते. माझी ही मंडळी म्हणजे धुळ्यापासून फैजपूरपर्यंतचे मोटार भरणारे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार उपसून नवी गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. शाळा बहुतेकांची अर्धवट आणि डोकं असं, की मी अजून थक्क आहे.

त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. फैजपूरच्या शकुंतला अक्का नवऱ्यामागे दुकान चालवतात, स्वतः तार भरतात. एकदा त्यांनी जुन्या मोटारीत तारेची वळणं किती, ते विचारलं. उत्तर आलं, पण त्यावर अठरा गुड मॉर्निंग, दोन वाढदिवस आणि एक हरवलेली म्हैस! महिन्याने तीच मोटार पुन्हा आली तेव्हा उत्तर शोधून सापडेना.

मग धुळ्याचे भगवानभाऊ माझ्याकडे आले. "ताई, विचारेल गोष्ट जागावरच सापडाले पाहिजे, असं काही शे का?"

"फोरम काढा, प्रश्नोत्तरांची वेबसाइट," म्हटलं.

"काढू. पन लवकर. पारोळाना नानाले आते कमी दिसस."

नाना म्हणजे त्या सगळ्यांचे गुरू. कंपन्या बंद पडल्या तरी त्यांच्या मोटारी विहिरींवर अजून चालतात, आणि त्यांच्या वळणांचा हिशोब फक्त नानांच्या डायरीत. ती डायरी नानांबरोबर गेली तर संपलंच.

*

पहिली मीटिंग भगवानभाऊंच्या दुकानात. मी फळ्यावर दोन रकाने केले: पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर आणि फुकटचं, म्हणजे ओपन सोर्स.

"ओपनवेल का?" तिघं एकदम म्हणाले. विहिरीतल्या पंपाचा तो एक प्रकार आहे!

मी समजावलं, की याचा आतला कोड कुणालाही उघडून बघता येतो, बदलता येतो. अक्कांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मंग याले फुकट काहून म्हणता? हे तं उघडं आहे. फुकट येगळं, उघडं येगळं."

हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली होती. अक्कांना चहा निवायच्या आत कळला!

*

खरं सांगते, माझा ओढा पैसेवाल्याकडे होता. ते बिघडलं तर कंपनी बघते. फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे फुकटची मी! म्हणून मी त्यांना पैसेवाल्याची पंधरा दिवसांची ट्रायल दाखवली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी कौतुकाने मराठीत वाचून दाखवलं, "तुमचा डेटा आमच्याकडे सुरक्षित आहे."

नाना ताडकन उठले. "मन्हा डेटा त्यासनाकडे? मी कोनलेच दिन्हा नही, मंग त्यासले कोनी दिन्हा?"

मला काही समजेना. भगवानभाऊंनी कानात सांगितलं, की या धंद्यात डेटा म्हणजे एकच: कुठल्या मोटारीत कुठली तार आणि किती वळणं. नाना पुढचा अर्धा तास सगळ्यांकडे संशयाने बघत होते.

*

तरी ट्रायल चालू ठेवली. पंधराव्या दिवशी भगवानभाऊ म्हणाले, "आते आपलं लिखेल बठ्ठं बाहेर काढी दाखाडा."

लिहिलेलं सगळं बाहेर कसं काढायचं, ते मी कंपनीला विचारलं. उत्तर आलं, त्यासाठी वरचा प्लॅन घ्यावा लागेल.

नानांनी निकाल दिला, "जी मोटारना बोल्टले वेल्डिंग करेल शे, ती मोटार आपली नही."

मग मी फुकटचं चढवलं, त्यावर नमुन्याला थोडं लिहिलं. भगवानभाऊ म्हणाले, "छान शे. आते जाळा."

"काय?"

"जाळीसन परत भरा. त्याशिवाय कसं समजी?"

मी सगळा फोरम पुसून टाकला आणि बॅकअपमधून परत उभा केला. एक ओळसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. दुकानात टाळ्या पडल्या! वीस वर्षं मी मुलांना बॅकअप शिकवते, पण असा तपासून कधी घेतला नव्हता. त्या दिवशी घरी जाऊन माझ्या क्लासचा बॅकअप उघडून पाहिला. रिकामा होता.

*

आता खरं लिहायला सुरुवात झाली. नानांनीही बऱ्याच मनधरणीनंतर डायरी दिली, मी पानन्‌पान टाइप केलं. आठवडाभरात भगवानभाऊंचा फोन. अक्कांनी फोरमवर दिलेल्या आकड्यांवरून भाऊंनी भरलेली मोटार तासाभरात चटका बसेल इतकी तापली!

म्हटलं, सॉफ्टवेअरने आकडे बदलले की काय? दुपारभर डेटाबेस तपासला. काही चूक नाही. शेवटी अक्काच क्लासमध्ये आल्या, पदराने तोंड झाकून हसत.

"ताई, तुमचं मशीन चांगलं आहे. ते मीठ आहे."

तेव्हा कळलं. डायरी चोरीला गेली तरी चोराच्या कामी येऊ नये म्हणून प्रत्येक जण वळणांच्या आकड्यात आपलं मीठ टाकतो. कुणी वाढवून लिहितो, कुणी कमी करून. मीठ किती, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बायकोलाही सांगत नाहीत. फोरमवर उतरले ते हेच आकडे.

"मी तीन कमी लिहिते. म्हणून तापली," अक्का म्हणाल्या. आणि तिथेच बसून त्यांनी आपले सगळे आकडे दुरुस्त केले. ते बघून दुसऱ्या दिवशी भगवानभाऊंनी केले, मग एकेक करून सगळ्यांनी. कुणी कुणाला तसं करायला सांगितलं नव्हतं. 

राहिले नाना. त्यांच्या पानावरून अक्कांनी एक मोटार भरून पाहिली, तर तार खाचेत मावेना. म्हणजे तिथेही मीठ होतंच, आकडा वाढवून लिहिलेला. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलेलं, मुलगा पुण्यात नोकरीला, त्यालाही मीठ सांगितलेलं नाही. आणि नानांना मीठ विचारायचं कुणी? कुणाचीच जीभ रेटेना.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाना पारोळ्याहून बसने एकटेच क्लासमध्ये आले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माय, आठे लिखेल पुसाई जास का?"

"नाही नाना. तुमच्यासमोरच जाळून पाहिलं ना?"

"आनि कोनी बी खोलीसन दखू शकस?"

"कुणीही उघडून बघू शकतं. कुठूनही."

"मंग बाजूले सरक. मी सोता लिखस."

मी खुर्ची दिली. स्क्रीनला नाक लावून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. पाऊण तास लागला. मध्ये मी एकदा मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. मग टोपी घालून, पाणीसुद्धा न घेता ते निघून गेले.

मी स्क्रीनकडे वळले.

"बठ्ठा पानावर मन्हं मीठ सात शे. वजा करी ल्या."